पहिली पुडी तिच्या हातून

मुलीची शाळा संपली त्या वर्षी मी इतकी चिडकी झाले होते की भाजीवाल्यापासून दफ्तरातल्या साहेबापर्यंत कोणी माझ्या तावडीतून सुटत नव्हतं. राग नक्की कोणावर आहे तेच कळत नव्हतं. शाळेवर काढावा, तर शाळेनंच तिला उभं केलं होतं. नवऱ्यावर काढावा, तर तो आधीच गप्प माणूस, त्याच्याशी भांडायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी आपणच बोलायचं. मग कुकरचं झाकण, दाराची कडी, बादली, जे हाताला येईल त्यावर तो निघायचा.

मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. आमची एकुलती एक. ती बहुतेक हिंदीच बोलते, कारण शाळा हिंदी, गल्ली हिंदी. घरातली मराठी तिला सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीतून येतं. तिच्या वयाची इथली बाकीची मराठी मुलंही तेच करतात, त्यामुळे निदान या एका बाबतीत तरी ती चारचौघांसारखी आहे असं मी गमतीनं म्हणते.

आम्ही जबलपूरच्या गढ़ा भागात राहतो. सासरे तरुणपणी नागपूरकडून नोकरीसाठी जबलपूरला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या पिढीनं घरातले देव, ताईत, गंडेदोरे सगळे नर्मदेत सोडले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. शकुन-अपशकुन हा आमच्याकडे चेष्टेचा विषय. मांजर आडवं गेलं तर सासरे थांबून मांजरालाच विचारायचे, "काहून बाबा, ड्युटीवर चालला का?" त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता. "शिका आन् आपल्या कामावर उभे राहा, बाकी सारं झूठ." नात अशी जन्मली तेव्हा नातेवाइकांनी माना खाली घातल्या, पण ते म्हणाले, "हिले बी शिकवू. उशीर लागंन तं लागू दे." आता ते नाहीत. त्यांचं ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं होतं.

शाळा खास अशा मुलांची होती. तिथे शेवटची काही वर्षं मोठ्यांचा वर्ग असे, आणि त्या वर्गात पुस्तकं नसत. तिथे कामाला जायची तयारी करून घेत. वेळेवर यायचं, आपली जागा ओळखायची, डबा खाल्ला की हात पुसून परत त्याच जागेवर बसायचं, कंटाळा आला तरी उठून जायचं नाही. कागदाच्या घड्या, पाकिटं, पिशव्या असं काम असे. त्या वर्गाच्या बाईंना सगळे दीदी म्हणत. त्यांची एक पद्धत मला फार आवडायची. एरवी आमच्या लेकरांनी वाकडी रेघ मारली तरी लोक टाळ्या वाजवतात, मला त्या टाळ्यांचा तिटकारा आहे. दीदी टाळ्या वाजवत नसत. घडी चुकली तर "ठीक नहीं है" म्हणून परत द्यायच्या, जमली तर "ठीक है" म्हणून बाजूला ठेवायच्या. बस्स. माझी मुलगी त्या "ठीक है"साठी जीव टाकायची. घरी येऊन रुमालाच्या, टॉवेलच्या, वर्तमानपत्राच्या घड्या घालायची आणि माझ्यासमोर धरायची. "ठीक है?" मीही खोटं कधी बोलले नाही. वाकडी असली तर वाकडीच म्हणायची. मोठी झाली तसे तिचे हात इतके बसले की माझ्या साडीची घडी मी घातलेली चांगली की तिनं, हे नवऱ्याला विचारायची सोय राहिली नाही.

मग वय पूर्ण झालं. निरोपाचा समारंभ झाला, तिनं गुलाबी सलवार-कुर्ता घातला, नाचली, दोनदा केक खाल्ला. घरी आल्यावर तिनं दुसऱ्या दिवशीचा डबा धुऊन ठेवला. आम्ही तिला किती परीनं सांगितलं की शाळा झाली, आता तू मोठी झालीस. "हाँ, बड़ी हो गई," ती म्हणायची आणि सकाळी वेणी घालून पायरीवर जाऊन बसायची. धडधाकट मुलांना दहावीनंतर काय, बारावीनंतर काय, म्हणून सांगायला गल्लीगल्लीत क्लासचे फलक लागलेत. माझ्या मुलीच्या शाळेनंतर काय, याला एकच उत्तर होतं, ते म्हणजे आमच्या घराची पायरी.

मी पायपीट सुरू केली. सरकारी प्रशिक्षण केंद्रात गेले, तिथे आठवी पासची अट. एका बेकरीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, भट्टी आहे, जोखीम आहे. रोजगार मेळावा भरला तिथे तिला घेऊन गेले. दिव्यांगांसाठी वेगळं टेबल होतं. काठी घेतलेल्या एका मुलाला, कमी ऐकू येणाऱ्या एका मुलीला त्यांनी बोलावून घेतलं, मला बरंच वाटलं. आमची पाळी आली तेव्हा टेबलामागचा माणूस मुलीकडे न बघता मला म्हणाला, "इनके लिए तो पेंशन है ना, बहनजी." मी म्हटलं, "भैया, पेंशन उसके दादाजी लेते थे, काम करने के बाद. इसने तो अभी शुरू भी नहीं किया." तो हसला. मुलगीही हसली, कारण समोरचा माणूस हसला की ती हसते. परतीच्या ई-रिक्षात मी बाहेर तोंड करून रडले.

काम मिळालं ते मात्र मागायला न जाता. माझ्या साखळीचा आकडा तुटला होता म्हणून सराफ्यात गेले. आमच्या ओळखीचं जुनं दुकान, मोठं नाही. गादीवर सेठजी, पलीकडे एक कारागीर, आणि पुड्या बांधायला एक पोरगा, ज्याचं सगळं लक्ष मोबाइलमध्ये. सराफ्यात अजूनही दागिना आधी गुलाबी कागदाच्या पुडीत जातो आणि मग डबीत. त्या पुडीला दोरा नाही, डिंक नाही. घडीत घडी अडकवायची असते, ती बसली नाही तर नथीसारखी बारीक वस्तू निसटते. पोरग्यानं बांधलेली एक पुडी उकलली आणि आतला कानातला मणी गादीवर घरंगळला. सेठजी त्याच्यावर ओरडले. तेवढ्यात माझ्या मुलीनं हात पुढे करून तो कागद ओढला, मांडीवर सपाट केला, मणी मधोमध ठेवला आणि पुडी बांधून सेठजींसमोर धरली.

"ठीक है?"

सेठजींनी पुडी उलटी केली, हलवली, कानाशी नेली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इसे किसने सिखाया?" मी शाळेचं सांगितलं. "बिटिया को कल से भेजिए. सुबह दुकान खुलने पर." पगारही त्यांनीच सांगितला, भीक घातल्यासारखा नाही, त्या पोरग्याला मिळायचा तेवढाच. मी आनंदानं साखळी तिथेच विसरून आले.

त्या संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा मी दारातच सांगितलं. गप्प माणूस बसला खाली आणि बूट काढायचे सोडून रडायला लागला. मुलगी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "पापा, मेरी ड्यूटी है." आम्ही त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. सासरे असायला हवे होते असं मला फार वाटलं.

पहिले काही दिवस मी दफ्तरातून रजा काढून तिच्याबरोबर गेले. तेव्हाच माझ्या लक्षात आलं. दुकान उघडलं, धूप झाला, पहिलं गिऱ्हाईक आलं. सेठजींनी पुडी तिच्याकडून बांधून घेतली, आणि मग म्हणाले, "बिटिया, अपने हाथ से दो." तिनं उठून दोन्ही हातांनी ती पुडी त्या बाईला दिली. बाईनं ती कपाळाला लावली. सेठजी मला समजावत म्हणाले, "ऐसे बच्चे तो भगवान के होते हैं, बहनजी. बोहनी इसके हाथ से हो तो दिन अच्छा जाता है."

मला म्हणायचं होतं, सेठजी, घडी बघा हो, घडी. माझी मुलगी शिकून आली आहे. पण ती इतकी फुलली होती, मान ताठ करून बसली होती, की मी तोंड मिटलं. घरी नवऱ्यासमोर मात्र वाफ काढली.

"काहून तोंड पाडून राहिली?" तो म्हणाला. "लोकं मानानं घेऊन राहिले आपल्या पोट्टीच्या हातून."

"मानानं नाही घेऊन राहिले. शकुन म्हणून घेऊन राहिले. तुमच्या बाबांनी जे नर्मदेत सोडलं नं, ते आता आपल्या लेकराच्या गळ्यात बांधून राहिले लोकं."

"बरं, पण कामावर तं जाऊन राहिली नं?"

ती कामावर जात होती. वेळेवर उठत होती, डबा घेत होती. ओळखीचा ई-रिक्षावाला तिला सोडायचा, आणायचा. तिच्या चेहऱ्यावर असा एक भाव आला होता जो मी आधी कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी आली की पाय लांब करून बसायची आणि म्हणायची, "थक गई मम्मी. बहुत काम है." एवढं थकायला मिळावं म्हणूनच तर आम्ही इतकी वर्षं घासली होती.

हळूहळू तिचं नाव झालं. म्हणजे तिच्या हाताचं झालं. पहिली पुडी तिच्या हातून घ्यायची म्हणून लोक सकाळी सकाळी यायला लागले. कोणी तिच्या पाया पडायचं, कोणी पेढा द्यायचं. ती पेढा खायची आणि पुडी समोर धरून प्रत्येकाला विचारायची, "ठीक है?" लोक "जय हो" म्हणायचे, हात जोडायचे, पण घडीकडे कोणी बघत नव्हतं. ती मात्र उत्तराची वाट बघत उभी राहायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शेवटी पलीकडचा कारागीर मान वर न करता म्हणायचा, "ठीक है, ठीक है," तेव्हा ती बसायची.

उन्हाळा आला, गहू निघाला. जबलपूरजवळच्या पाटनकडची शेतकरी कुटुंबं गहू विकून लग्नाचे दागिने घ्यायला सराफ्यात येतात, तशी ती आली. त्यातल्या एका घरच्यांनी मुलीच्या लग्नाचं सगळं सोनं तिथून घेतलं. माझ्या मुलीच्या हाताचं ऐकूनच आले होते. नवरीच्या आईनं हट्ट धरला की हार, बांगड्या, सगळं हिच्याच हातून बांधून घेणार. माझ्या मुलीनं दुपारभर पुड्या बांधल्या. घरी येऊन मला सांगितलं, "मम्मी, दुल्हन का काम किया." त्या बाईनं तिला ओढणी दिली होती, ती तिनं झोपतानाही डोक्यावरून काढली नाही.

ते लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी ऐन वेळी नकार दिला. का दिला, मला ठाऊक नाही, आणि कोणाचं लग्न का मोडतं याची कारणं त्या दोन घरांतच असतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. पण नवरीचा मामा दागिने परत करायला दुकानात आला आणि भर गिऱ्हाइकांत गादीसमोर उभा राहून ओरडला, "इस लड़की के हाथ से लिया था. शगुन के सामान पर ऐसी को बिठाते हो?" हे मला कारागिरानं नंतर सांगितलं. माझ्या मुलीनं घरी आल्यावर एवढंच सांगितलं की एक अंकल पुड्या वापस लाया. तिच्या अकलेप्रमाणे त्याचा अर्थ सरळ होता. पुडी परत आली म्हणजे घडी चुकली.

जे लोक तिच्या पाया पडत होते तेच आता दुकानात शिरण्याआधी वाकून बघायचे, ती बसली आहे का. आधी सेठजींनी तिला पडद्यामागे बसवलं. मग सांगितलं, पुड्या बांध, पण कोणाला देऊ नको. मग एक दिवस ई-रिक्षावाल्याच्या हाती निरोप आला. गर्मी फार आहे, बिटियाला थोडा आराम द्या.

मी दफ्तरातून तशीच सराफ्यात गेले. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही. "सेठजी, सीधा बोलिए. काम ख़राब है उसका?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. वाईट माणूस नव्हता तो, तेच तर दुखतं. "काम में कोई खोट नहीं, बहनजी. इतना साफ़ हाथ मेरी दुकान में किसी का नहीं रहा. पर सीज़न है. मैं नहीं मानता, ग्राहक मानता है."

"जब शुभ था तब तो आप भी मानते थे."

पलीकडे कारागिराची हातोडी थांबली. मी आणखी बरंच बोलले. तिला देवी कोणी करायला सांगितलं होतं, मी विचारलं. आम्ही कामाला पाठवली होती. तुम्ही तिला पाटावर बसवलीत, आणि पाटावर बसवलेल्याला उठवायला कितीसा वेळ लागतो? माझा आवाज चढला, मग फाटला, आणि भर सराफ्यात मी पदरानं तोंड झाकून उभी राहिले. सेठजींनी गुलाबी कागदाचा एक जाड गठ्ठा उचलून माझ्यापुढे केला. "बिटिया के लिए. उसे अच्छा लगता है." तो मी त्यांच्या तोंडावर फेकायला हवा होता. पण तिला खरंच आवडतो, म्हणून घेतला.

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशी गत झाली. सरकार म्हणतं, हिला पेन्शन आहे. लोक म्हणतात, ही देवाची आहे. हिला काम येतं हे त्या एका दीदीशिवाय कोणी म्हणत नाही. आणि ज्या सेठजींना ते दिसलं, त्यांनाही ते पुरलं नाही.

तिला मी सांगितलं, छुट्टी आहे. तिनं मान हलवली आणि कामाला लागली. गठ्ठा मांडीवर घेऊन ती दिवसभर पुड्या बांधायची. शेंगदाणे, बापाच्या सदऱ्याची बटणं, माझ्या टिकल्या, तूरडाळीचे दोन दोन दाणे. घरभर गुलाबी पुड्या झाल्या. नवरा बटण शोधायला गेला की चार पुड्या उकलायचा, आणि उकललेली पुडी पाहून ती घाबरायची, तिला वाटायचं चुकली म्हणून उघडली. मग तो बटण लावायचंच सोडून द्यायचा. एकदा म्हणाला, "तिले सांगून टाक नं खरं." मी म्हटलं, "काय सांगू? काय खरं आहे यातलं, तिले कळंन असं? तुम्हीच सांगा." तो उठून बाहेर गेला.

एका सकाळी तिनं पुडी माझ्यासमोर धरली. "ठीक है?" मी भाकरी थापत होते. बघितलं, सुरेख होती, म्हटलं, "ठीक है बेटा." तिनं पुडी पिशवीत टाकली, डबा घेतला, चपला घातल्या आणि दाराशी जाऊन उभी राहिली. "तो चलो." मी समजावलं, बापानं समजावलं. ती परत परत तेच म्हणत होती, आपने बोला ठीक है, आपने बोला. ऊन डोक्यावर आलं तरी चपला काढेना, जेवेना, पाणी घेईना. ती आरडाओरडा करत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. तिला माझ्यावर कधी संशय घेताना मी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. शेवटी दाराशीच बसल्या बसल्या तिला डुलकी लागली आणि आम्ही तिला उचलून आत आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. केस विंचरलेले, पिशवी खांद्यावर. तळहातावर पुडी. अशी पुडी तिनं त्या दुकानातही बांधली नसेल, कोपरे सरळ, घडीत घडी बसलेली. मी सगळ्या जगाशी भांडत आले की तिच्या कामाकडे बघा आणि जे असेल ते खरं सांगा. नवरा दाढी करता करता आरशातून माझ्याकडे बघत होता.

"ठीक है?" ती म्हणाली.

मी पुडी हातात घेतली, फिरवून पाहिली. "इधर ज़रा टेढ़ी हो गई, बेटा," मी म्हटलं.

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अच्छा," ती म्हणाली, पिशवी खाली ठेवली, पुडी उकलली, कागद मांडीवर सपाट केला आणि परत पहिल्यापासून घडी घालायला बसली.